चार्जरवरून भांडण, गरम पाण्याकडे दुर्लक्ष

वाचकाचं पत्र:

ताई, आमच्या घरात पाच माणसं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मनाने घेतलं, की आपल्या घराचा पृथ्वीवरचा भार कमी करायचा. स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे सगळे डबे फेकले, काचेचे आणि स्टीलचे आणले. बांबूचे ब्रश आणले, कापडी पिशव्या शिवून घेतल्या, बाल्कनीत कंपोस्टचा डबा ठेवला. रात्री झोपण्याआधी घरभर फिरून सगळ्यांचे चार्जर भिंतीतून काढते. मुलगी आंघोळीला गेली की दहा मिनिटांनी दार वाजवते. मुलगा वेष्टनातला खाऊ दप्तरात लपवून आणतो. नवऱ्याला कामासाठी वरचेवर विमानाने जावं लागतं, त्यावरून आमची खडाजंगी होते. सासूबाई परवा म्हणाल्या, "आम्ही जन्मभर जुन्या कपड्यांची पायपुसणी केली, तेव्हा कुणाला उपदेश केला नाही." हे मी हसण्यावारी नेलं. पण गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, तू कामावरून आलीस ना, की घर शाळेसारखं वाटायला लागतं." तेव्हापासून मी गप्प आहे.

मी करते ते बरोबर आहे का? घरच्यांना कसं वळवू? आणि एवढ्या मोठ्या जगात मी एकटीने करून होणार तरी काय?

ता. क. कंपोस्टच्या डब्यात अळ्या झाल्या आहेत. सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

तुमची,
घरातली फौजदार

*

प्रिय फौजदारबाई,

तुमची सही वाचून हसले आणि लगेच ओशाळले, कारण ही वर्दी मीही काही वर्षं अंगावर मिरवली आहे. माझ्या घरात या घडीला एकोणीस कापडी पिशव्या आहेत. दुकानात पोचते तेव्हा त्यांतली एकही जवळ नसते, म्हणून विसावी घ्यायचा मोह होतो. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते शहाण्याने वेड्याला सांगितल्यासारखं वाचू नका. ठेच लागलेली बाई बोलते आहे.

तुम्ही जे जे करता त्याची मी एक यादी केली आणि प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे मांडले. पहिला, याने खरंच किती वाचतं. दुसरा, त्यासाठी घरात किती वेळा तोंड उघडावं लागतं. हा दुसरा आकडा कुठल्याच पुस्तकात नसतो, पण घरात राहायचं तर तोच महत्त्वाचा.

चार्जरपासून सुरुवात करू. फोन न लावता नुसताच भिंतीत खोचलेला आजकालचा चार्जर वॅटचा दहावा हिस्सा खातो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षभर तो तसाच राहिला तरी एक युनिटसुद्धा पुरतं होत नाही. आता २० लिटर पाणी घ्या आणि ते २५ अंशांनी तापवा. लागली ०.५८ युनिट. म्हणजे एक चार्जर वर्षभर रोज रात्री इमानेइतबारे काढून तुम्ही जी वीज वाचवली, ती फार तर दीड बादली गरम पाण्यात गेली. आणि बोलणी? तीनशे पासष्ट. हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

(सरसकट सगळंच चालू ठेवा असं मात्र नाही. टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स बंद दिसतो तेव्हाही पुष्कळदा दहा-दहा वॅट ओढत असतो. तो हिशेब वर्षाला ८७ युनिटांच्या वर जातो. त्याला बटणाची पट्टी लावा, टीव्ही बघून झाला की एका बोटाने सगळं बंद.)

शाळेत आपण विशिष्ट उष्मा नावाचं प्रकरण शिकलो होतो, ते नेमकं इथे कामाला येतं. पाणी तापायला भारी हट्टी. घरात जिथे जिथे काही तापतं किंवा गार होतं, तिथे वीज आणि इंधन जातं. जिथे नुसता दिवा चमकतो किंवा आवाज येतो, तिथे त्यामानाने किरकोळ. डोळ्यांना दिवा दिसतो, म्हणून आपण दिव्यावर ओरडतो. गिझर बिचारा छताजवळ गुपचूप बसलेला असतो.

तेव्हा आंघोळीच्या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी येतं असं धरा आणि पाचही जण आठ-आठ मिनिटं उभे राहतात असं धरा. रोजचे ४०० लिटर झाले. मिनिटाला ६ लिटर सोडणारं कमी प्रवाहाचं शॉवरचं तोंड बसवलंत, तर तेवढ्याच वेळात २४० लिटर. वाचलेले १६० लिटर २० अंशांनी तापवायला साडेतीन युनिटांहून जास्त वीज लागली असती. एका दिवसात. एक चार्जर सलग चार वर्षं काढून ठेवावा तेव्हा एवढं साधतं. आणि हे तोंड बसवायला लागतात पंधरा मिनिटं, एक पाना आणि थोडी टेप. त्यानंतर मुलीच्या दारावर टकटक करायची गरज नाही. ती बारा मिनिटं गाणं म्हणत राहिली तरी आधीपेक्षा कमीच पाणी जाईल.

मला तुमच्या पत्राचं उत्तर खरं तर इथेच सापडलं. एकदा करून विसरून जाता येतं अशा गोष्टी शोधा. ज्या रोज बोलून करून घ्याव्या लागतात, त्या फार मोठ्या असल्याशिवाय सोडून द्या.

गिझरच्या बाबतीत आणखी एकदोन कामं या जातीची आहेत. साठवणीची टाकी दिवसभर चालू ठेवली तर पाणी वापरलं नाही तरी ते निवत राहतं आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तापवत राहतं. टायमर लावून टाका. गरम पाण्याच्या उघड्या नळ्या खोलीच्या हवेला तापवत असतात, त्यांना फोमचं वेष्टन घाला. मात्र काही लोक सांगतात तसं थर्मोस्टॅट खाली खाली नेऊन टाकीत कोमट पाणी साठवू नका. कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी न्यूमोनिया होतो. साठवायचं पाणी ६० अंशांच्या आसपास तापलेलं असू द्या, वापरताना त्यात गार मिसळा. बचत वेळेत करा, तापमानात नको. पुढेमागे गिझर बदलायची पाळी आली तर सौर किंवा उष्मापंपाचा विचार करा. उष्मापंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांचं काम होतं. पण चालता गिझर काढून लगेच नवा आणायला धावू नका. हा तुमचा स्वभाव असावा असं मला डब्यांवरून वाटतं. डब्यांकडे येतेच.

तापवण्याचं झालं, गार करण्याचं राहिलं. घरात एसी असेल तर एवढंच ध्यानात ठेवा: पंखा ३० ते ७५ वॅटचा, एसी हजार-दीड हजारांचा. दोन्ही एकत्र लावले आणि एसी दोन-तीन अंश वर ठेवला तर अंगाला फरक कळत नाही, मीटरला कळतो. उन्हाच्या बाजूच्या खिडकीला सावली करायची तर ती काचेच्या बाहेरून करा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते काचेतून घरात आलेलं असतं.

पण एसीची एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावर मी दोन दिवस पिशव्या विसरले. दर उन्हाळ्यात कारागीर येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो आणि नवा भरून जातो. आम्ही हे वर्षानुवर्षं करून घेतलं. एसीतला वायू पेट्रोलसारखा संपत नाही हो! तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. आणि गळलेला वायू काय चीज आहे बघा. आर-४१०ए नावाचा, अजूनही कितीतरी यंत्रांत असलेला वायू एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकं तापवण्याचं काम करतो. नव्या यंत्रांतल्या आर-३२चा तोच आकडा ६७५ किलो. घरगुती एसीत साधारण किलोभर, कधी थोडा कमीजास्त वायू असतो. माझ्या डोळ्यांदेखत एकाने उरलासुरला वायू फुस्सकन खिडकीबाहेर सोडला होता आणि मी त्याला चहा विचारत होते. तर यंदा कारागिराला दोनच वाक्यं सांगा: आधी गळती शोधून बुजवा, मग भरा, आणि जुना वायू हवेत सोडू नका, तो सिलिंडरमध्ये काढून घ्यायचं यंत्र आणा. वर्षातून एकदा बोलायचं, तेही घरच्या माणसाशी नाही. नवं घ्यायची वेळ आली तर आर-२९०, म्हणजे प्रोपेन, वापरणारी यंत्रं मिळतात का ते विचारा, त्याचा तापवण्याचा भार नगण्य आहे.

आता स्वयंपाकघर. इथे तुम्ही सगळा जोर वेष्टनांवर लावला आहे. माझं म्हणणं, भाजीच्या पिशवीपेक्षा पिशवीतल्या भाजीकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो, की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकापर्यंत पोचण्याजोग्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. त्यातलं ६० टक्के घरांतून. ना हॉटेलांतून, ना दुकानांतून. आपल्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातून. फेकलेल्या अन्नाबरोबर ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन सगळं गेलं. शिवाय ते कचऱ्याच्या ढिगात दबून हवेवाचून कुजलं, की त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त तापवतो.

२०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती गोळा करून एक मोठा अभ्यास झाला होता. त्यातून दिसतं, की अन्नापायी होणाऱ्या उत्सर्जनात वेष्टनाचा वाटा पाचेक टक्के आणि वाहतुकीचा सहाच्या आसपास. बाकीचा मोठा भाग शेत, जमीन आणि गुरं यांचा. त्यामुळे ताटात काय आहे आणि त्यातलं किती फेकलं, हे दोन प्रश्न वेष्टनाच्या कितीतरी पुढे आहेत. घरात मांस खात असाल तर आठवड्यातून काही जेवणं गुरांच्या मांसाऐवजी डाळी-कडधान्यांवर आणा. खात नसाल तर हा परिच्छेद सोडून पुढे चला, उगीच कॉलर ताठ करू नका, कारण दूध आणि चीजही त्याच गुरांचं.

वाया जाणं थांबवायला मी केलेली सगळ्यात यशस्वी गोष्ट हास्यास्पद साधी आहे. फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीचा एक कप्पा रिकामा केला आणि त्यावर चिठ्ठी लावली: आधी हे संपवा. उरलेलं, अर्धं कापलेलं, उद्यापरवा खराब होईल असं सगळं तिथे. कुणाला काही सांगितलं नाही. रात्री अकराला भूक लागणारी पोरं तो कप्पा आपोआप साफ करतात. दुसरं, पिकलेली केळी आणि सफरचंदं पालेभाजीपासून लांब ठेवा. त्यांतून इथिलीन वायू निघतो आणि शेजारच्या भाजीला अकाली म्हातारपण आणतो. तिसरं, पाकिटावर 'बेस्ट बिफोर' लिहिलेलं असेल तर ती तारीख चवीची असते, उलटली म्हणजे विष झालं असं नाही. वास घ्या, बघा, मग ठरवा. 'यूज बाय' लिहिलं असेल तर मात्र ती तारीख पाळा, तिथे हुशारी नको.

शिजवण्याबद्दल एकच. पाण्याला उकळी फुटली की ज्योत बारीक करा. मोठ्या आचेवरही उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ होऊन उडतं आणि अन्न काही लवकर शिजत नाही. झाकण ठेवा. सासूबाईंना हे ठाऊक असणारच, त्यांना विचारा. सांगू नका, विचारा. फरक आहे.

आता ते डबे. फौजदारबाई, तुम्ही धडधाकट डबे फेकले याचं मला मनापासून वाईट वाटलं. प्लास्टिक बनवताना जे नुकसान व्हायचं ते आधीच होऊन चुकलं होतं. डबा जितकी वर्षं वापरात राहील तितकं ते नुकसान पातळ होतं. तुम्ही फेकलात त्या क्षणी ते पक्कं झालं, वर नव्या काचेचा आणि स्टीलचा भार. काच आणि स्टील भट्टीतूनच येतात. गरमागरम पदार्थ जुन्या प्लास्टिकमध्ये नकोत, हे मान्य. पण त्यात खिळे, बटणं, दोरे, बियाणं ठेवता आलं असतं. पुढच्या वेळी काही हिरवं विकत घ्यावंसं वाटलं तर आधी स्वतःला विचारा, घरात याचं काम करणारं काही आहे का? असेल तर तेच सर्वांत हिरवं, मग त्याचा रंग भडक गुलाबी का असेना.

माझ्या एकोणीस पिशव्यांचा हिशेबही याच भट्टीतला. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली पिशव्यांची तुलना केली होती. फक्त हवामानाचा विचार केला तर साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी तेव्हा ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. समुद्रात आणि गटारात जाणाऱ्या प्लास्टिकचा उपद्रव मात्र त्या अभ्यासाने मोजलेला नाही, त्यामुळे प्लास्टिकची पिशवी निर्दोष सुटत नाही. तात्पर्य एवढंच, की कापडी पिशवी घेणं सोपं, ती शंभरदा वापरणं अवघड. आता पिशव्या शिवणं थांबवा. दोन दाराच्या कडीला अडकवा, एक सतत जवळ असते त्या पर्समध्ये.

प्लास्टिक वेगळं करून ठेवता ते ठेवत राहा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. २०१५ सालापर्यंत जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आणला गेला. आणि डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो ना, तो 'याचं पुनर्चक्रीकरण होतं' अशी हमी नाही. १९८८ साली प्लास्टिक उद्योगानेच ती खूण आणली, प्लास्टिक कुठल्या जातीचं ते कळावं म्हणून. १ आणि २ आकड्याच्या बाटल्या बहुधा घेतल्या जातात. बाकीचं काय घेतात ते तुमचा सुका कचरा नेणाऱ्याला एकदा विचारून घ्या. 'कंपोस्ट होणारं' लिहिलेल्या प्लास्टिकच्या वाट्या तुमच्या बाल्कनीतल्या डब्यात वर्षभर तशाच पडून राहतील. त्यांतल्या बऱ्याचशांना ६० अंशांच्या आसपास तापणारा मोठा, कारखान्यातलाच ढीग लागतो.

कपडे आणि फोन यांबद्दल थोडक्यात: आहेत ते जास्त दिवस वापरा. फोनच्या एकूण उत्सर्जनातला बहुतेक भाग तो तुमच्या हातात येण्याआधीच झालेला असतो, तेव्हा बॅटरी बदलून आणखी दोन वर्षं चालवलात तर जन्मभर चार्जर काढण्यापेक्षा मोठं काम होईल. कपडे गार पाण्यात आणि यंत्र पूर्ण भरल्यावरच धुवा, दोरीवर वाळवा.

नवऱ्याच्या विमानप्रवासाबद्दल तुम्ही भांडता. तर इथे तुमची बाजू खरी आहे. एका माणसाने अटलांटिक महासागर ओलांडून विमानाने जाऊन येणं म्हणजे सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइड, असा २०१७च्या एका अभ्यासाचा हिशेब. त्याच अभ्यासात घरातला कचरा नेटाने वेगळा करून वर्षभर पुनर्चक्रीकरणाला दिल्याची बचत ०.२ टन धरली आहे. म्हणजे असा एक फेरा टळला तर आठ वर्षांचं डबे धुऊन ठेवणं वसूल. पण भांडण चुकीच्या जागी होतंय. तिकीट त्यांनी हौसेने काढलेलं नाही, कामाने काढलेलं आहे. "जाऊ नका" म्हणून काय होणार? वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बसा आणि दोनच गोष्टी विचारा: यातल्या कुठल्या दोन खेपा एकात बसतील, आणि कुठली बैठक पडद्यावर भागेल. जवळचा प्रवास रेल्वेने होतो का, तेही तेव्हाच बघा. एक फेरा कमी झाला की विषय बंद, पुढच्या जानेवारीपर्यंत. विमानतळावर निघालेल्या माणसाला दारात ऐकवणं आजपासून बंद.

घरच्यांना कसं वळवायचं हे तुम्ही विचारलंत आणि मी इतका वेळ शॉवर आणि एसीबद्दल बोलत बसले. पण माझं उत्तर त्यातच आहे. शॉवर बदला, टायमर लावा, फ्रिजचा कप्पा करा, पिशव्या दाराला टांगा, आणि तोंड मिटून घ्या. महिनाभर. बिल आलं की तेही दाखवू नका, टेबलावर राहू द्या.

मुलाच्या खाऊचं वेष्टन विसरून जा. हे मी जबाबदारीने लिहिते आहे. एका पाकिटाने पृथ्वीचं काही बिघडत नाही, पण जे पोर घरात खाऊ लपवायला शिकतं ते पुढे आणखीही काही लपवायला शिकतं. त्याच्या हातून काही करून घ्यायचंच असेल तर त्याला आकडे मोजायला द्या. वीज मोजणारं छोटं प्लग-मीटर मिळतं, ते त्याच्या हाती ठेवा आणि घरातलं कुठलं यंत्र किती खातं ते शोधायला सांगा. माझ्या भाच्याने अशाच एका शनिवारी आमच्या जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर फाटल्याचं पकडलं. ते मी दोन वर्षं रोज बघत होते.

सासूबाईंचं वाक्य मात्र हसण्यावारी नेऊ नका. पायपुसण्यांबद्दल त्या बोलल्या त्यात टोमणा आहे तसा हक्कही आहे. वस्तू झिजेपर्यंत वापरणं, फाटलं तर शिवणं, उरलेल्याचं दुसरं काही करणं हे सगळं त्या कुठलंही नाव न देता करत आल्या. तुम्ही बांबूचा ब्रश आणून त्यांना हिरवं जगणं शिकवायला गेलात. फाटलेला एखादा कपडा घेऊन त्यांच्याकडे जा आणि रफू कसं करतात ते शिकवा म्हणा. मला स्वतःला बटणापलीकडे येत नाही, आणि त्याची लाज वाटते.

राहिला तिसरा प्रश्न, एकटीने करून काय होतं. खोटा दिलासा देत नाही. तुमच्या एका घराने वातावरणाचा आकडा हलणार नाही. पण एक गोष्ट घडलेली आहे. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की फवाऱ्याच्या डब्यांतली आणि फ्रिजमधली सीएफसी रसायनं वर जाऊन ओझोनचा थर खातील. अमेरिकेत कायदा यायच्या आधीच लोकांनी असे फवारे घेणं कमी केलं आणि कंपन्यांना दुसरे डबे काढावे लागले. १९७८ साली तिथे फवाऱ्यांतल्या सीएफसीवर बंदी आली, १९८७ साली ओझोन खाणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रिअलचा करार झाला, आणि त्याच करारात २०१६ साली किगाली इथे दुरुस्ती होऊन तुमच्या एसीतल्या त्या वायूंनाही टप्प्याटप्प्याने आवर घालायचं ठरलं. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र २०६६च्या सुमाराला १९८० सालच्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. फवारा न घेणाऱ्या बाईने एकटीने ते बुजवलं नाही. कराराने बुजवायला घेतलं. पण करार करणाऱ्यांच्या मागे तशा बायका होत्या.

आणि दुसरं, लोक ऐकून बदलत नाहीत, बघून बदलतात. कॅलिफोर्नियात छतावरच्या सौर पट्ट्यांचा अभ्यास झाला होता. ज्या भागात त्या आधीच बसल्या होत्या तिथे शेजारपाजारचे लोकही त्या बसवण्याची शक्यता वाढत होती. तुमच्या इमारतीच्या किंवा गल्लीच्या बैठकीत जाऊन पाण्याच्या टाकीवरच्या पंपाला आपोआप बंद होणारं बटण लावा, जिन्यात एलईडी बसवा, एवढे दोन ठराव करून घेतलेत तर तुमची फौजदारी तिथे शोभेल. घरात जितकं बोलायचं थांबवाल ते सगळं तिथे बोला. तिथे बोलणारं माणूस लागतंच.

आता अळ्या. आधी नीट बघा. चपट्या, तपकिरी, वळ्यावळ्यांच्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. त्यांना हात लावू नका, त्या तुमचंच काम तुमच्यापेक्षा झपाट्याने करताहेत. त्यांची माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही आणि आठवडाभरात मरून जाते. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या असतील तर साध्या घरमाशीच्या. म्हणजे डबा फार ओला झाला आहे आणि वरचं अन्न उघडं राहतंय. सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाने घाला, आठवड्यातून एकदा खालीवर करा, ताजा कचरा मध्ये पुरून वर सुक्याचा जाड थर द्या. तेलकट शिजलेलं आणि दुधाचं काही महिनाभर आत टाकू नका. हवेच्या भोकांवर बारीक जाळी बसवा. मूठभर घेऊन दाबलंत आणि बोटांतून पाणी गळलं तर अजून ओलं आहे, नुसताच गोळा झाला तर जमलं. दोन आठवड्यांत वास जाईल. तोवर बाल्कनीचं दार लावून ठेवा, आणि सासूबाईंनी विचारलंच तर घरमाशीच्या असल्या तरी सोल्जर फ्लायच्या आहेत म्हणून सांगा.

तुमची,
ताई